पाणी हिरवं का झालं?

पारदर्शक नळ्यांतून पाणी खेळवून थंड ठेवलेला संगणक पहिल्या महिन्यात फार देखणा दिसतो. पाच-सहा महिन्यांनी कधीतरी नळीच्या आतल्या बाजूला हिरवट झाक येते, टाकीच्या तळाशी पांढुरका साका जमतो, किंवा प्रोसेसरवरच्या वॉटर ब्लॉकच्या झाकणातून पाहिलं तर कोपऱ्यात काहीतरी चिकटलेलं दिसतं. पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘शेवाळ’. मग शेवाळ मारायच्या औषधाची बाटली येते, धास्तीपोटी चार थेंब जास्तच पडतात, आणि काही आठवड्यांनी ब्लॉकवरचं निकेल पापुद्र्यांनी सुटू लागतं. नळीतलं हिरवं द्रव्य होतं तांब्याचे क्षार, आणि त्यावर ओतलेलं औषधही तांब्याचाच क्षार होतं. उपचारानेच आजार वाढवला.

टाकी, नळ्या आणि ब्लॉक यांच्या बंद वाटेत, म्हणजे लूपमध्ये, पाणी बिघडण्याची कारणं चार-पाच आहेत. टॉर्चच्या उजेडात ती जवळपास सारखी दिसतात, पण एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर नुकसान होतं. म्हणून कोणतीही बाटली उघडण्याआधी निदान करायला हवं, आणि ते घरच्या घरी, शाळेत शिकलेल्या रसायनशास्त्राच्या आधारावर बऱ्यापैकी नेमकं करता येतं. हे प्रकरण त्या निदानाबद्दल आहे.

आधी पाण्याचं काम समजून घेऊ. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल, तर त्याचं तापमान एका अंशाने वाढताना ते सुमारे ७० वॅट उष्णता उचलून नेतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ३५० वॅट उष्णता बाहेर टाकत असतील आणि पंप मिनिटाला ४ लिटर पाणी फिरवत असेल, तर एका फेरीत पाणी जेमतेम सव्वा अंशाने तापतं, आणि तेवढी उष्णता पंखे लावलेल्या रेडिएटरमध्ये हवेला देतं. म्हणजे चालू लूपमध्ये पाणी सगळीकडे जवळपास एकाच तापमानाचं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. निदानाच्या वेळी तिच्यामुळे पाण्याचा एकच तापमापक पुरतो.

पाणी ज्या वाटेने जातं तिथे खरी नाजूक जागा एकच आहे. वॉटर ब्लॉकचा तळ तांब्याचा असतो आणि त्यात अतिशय बारीक पडदे कोरलेले असतात. त्यांना फिन म्हणतात. दोन फिनांमधली फट साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर असते. नळीचा आतला व्यास १० मिलिमीटर. नळीत जो कण कोणाच्या लक्षातही येणार नाही, तो या फटीत तोंडाशीच अडकतो आणि मागून येणाऱ्या कणांना अडवून धरतो. लूपमध्ये कुठेही गाळ तयार झाला तरी तो अखेर इथे येऊन बसतो. म्हणून ब्लॉक उघडल्यावर दिसणारी घाण ब्लॉकचीच आहे असं धरून चालू नये.

आता गंजाकडे वळू. त्यासाठी अडीचशेहून अधिक वर्षं मागे जायला हवं. संगणकाच्या लूपमध्ये जे घडतं तेच लाकडी जहाजांच्या तळाशी घडलं होतं, आणि तिथे ते फार स्पष्ट दिसलं.

१७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे समुद्री किडे आणि तळाला चिकटणारं शेवाळ व शिंपले यांपासून सुटका व्हावी हा हेतू होता. वेस्ट इंडीजच्या उष्ण पाण्यातून जहाज परतल्यावर १७६३ मध्ये तपासणी झाली. तांबं उत्तम राहिलं होतं, त्यावर वाढही नव्हती. पण जिथे तांबं लोखंडी खिळ्यांना भिडत होतं तिथे खिळे झिजून गेले होते. काही मोजके खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद तिथे खिळा आणि पत्रा यांच्यामध्ये चुकून राहून गेला होता. गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावरचे प्रयोग प्रसिद्ध केले ते १७९१ मध्ये आणि व्होल्टाने विजेची चळत रचली ती १८०० मध्ये. त्याच्या कितीतरी आधी आरमाराच्या सुतारांना हे समजलं होतं की दोन निरनिराळे धातू एकमेकांना लागून खाऱ्या पाण्यात ठेवले की त्यांतला एक झिजतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कालांतराने तांब्याचे पत्रेही समुद्रात झिजतात हे ध्यानात आलं, आणि आरमाराने हा प्रश्न रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर हम्फ्री डेव्ही यांच्याकडे सोपवला. १८२४ मध्ये डेव्हींनी उपाय सांगितला. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडा. तो तुकडा झिजेल आणि तांबं वाचेल. रसायनशास्त्राच्या दृष्टीने उपाय अचूक होता. आजही जहाजांचे तळ आणि जमिनीखालच्या पाइपलाइनी याच तत्त्वावर वाचवल्या जातात. पण डेव्हींची तांब्याच्या तळाची जहाजं समुद्रातून परतली ती शेवाळाने आणि शिंपल्यांनी लगडून. तांबं शाबूत राहिलं, पण जहाजं इतकी जड आणि मंद झाली की ते तुकडे काढून टाकावे लागले. तांब्यावर आधी काही वाढत नव्हतं त्याचं कारण ते हळूहळू पाण्यात विरघळत होतं. तांब्याचे आयन सूक्ष्म जीवांना विषारी असतात. झीज थांबली तशी विषाची धारही थांबली, आणि जीवसृष्टीने तळाचा ताबा घेतला.

संगणकाच्या लूपमधला सगळा पेच या एका घटनेत आहे. उघडं तांबं आणि साधं ऊर्ध्वपातित पाणी एवढंच वापरलं तर पाण्यात किंचित तांबं उतरतं आणि शेवाळाला सहसा थारा मिळत नाही. पण आजच्या लूपमध्ये तांब्याला निकेलचा मुलामा असतो आणि कूलंटमध्ये, म्हणजे लूपमध्ये भरायच्या तयार द्रवात, बेंझोट्रायझोलसारखं गंजरोधक असतं, जे तांब्यावर पातळ संरक्षक थर धरतं. गंज रोखला जातो आणि त्याबरोबर तांब्याचं फुकटचं जंतुनाशक कामही थांबतं. म्हणून चांगल्या कूलंटमध्ये गंजरोधक आणि जंतुनाशक दोन्ही लागतात. नुसतं एक घालून दुसरं विसरणं ही डेव्हींच्या जहाजांची पुनरावृत्ती ठरते.

लूपमध्ये सर्वांत वाईट जोडी तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम यांची. प्रमाण विद्युत विभवांच्या तक्त्यात तांबं +०.३४ व्होल्टवर आहे, निकेल -०.२६ च्या आसपास, जस्त -०.७६, आणि अ‍ॅल्युमिनियम -१.६६. अ‍ॅल्युमिनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप धरतो, म्हणून ते व्यवहारात या आकड्यावरून वाटतं तितकं सहज झिजत नाही. मात्र पाण्यात क्लोराइड असेल तर तो थर जागोजागी फुटतो. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच. घरच्या आरओ यंत्राचं पाणी त्याहून बरं असलं तरी त्यात क्षार पूर्णपणे काढलेले नसतात. लूपसाठी ते वापरू नये.

इथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. माझा रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि ब्लॉक तांब्याचा, पण दोघांमध्ये हातभर प्लॅस्टिकची नळी आहे, ते एकमेकांना लागतच नाहीत, मग विद्युतप्रवाह वाहणार कुठून? हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. बऱ्याचदा दोन्ही भाग संगणकाच्या धातूच्या सांगाड्याला स्क्रूने जोडलेले असतात आणि तिथून संपर्क होतो. तो नसला तरी पाण्यात उतरलेलं तांबं प्रवाहाबरोबर रेडिएटरपर्यंत पोचतं. शाळेत मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवला होता तो आठवा. खिळ्यावर तांबूस थर चढला आणि द्रावणाचा निळा रंग फिका पडला. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांत हेच होतं. तांब्याचे सूक्ष्म ठिपके तिथे बसतात, प्रत्येक ठिपका स्वतःभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खाऊ लागतो, आणि पातळ पत्र्याला टाचणीएवढं भोक पडतं. सोबत पांढरा, बुळबुळीत अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होतो आणि थोडा हायड्रोजनही. टाकीत पुन्हा पुन्हा बुडबुडे दिसत असतील आणि लूपमध्ये कुठे हवा शिरत नसेल, तर या शक्यतेचा गांभीर्याने विचार करावा.

बाजारात बंद स्वरूपात मिळणाऱ्या ‘ऑल-इन-वन’ कूलरमध्ये तांब्याचा तळ आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर सर्रास एकत्र असतात, आणि ते वर्षानुवर्षं चालतात. त्यांत कारखान्यात योग्य गंजरोधक भरलेलं असतं आणि हवा फारशी आत शिरत नाही. तेच उपकरण उघडून साध्या पाण्याने भरलं की घड्याळ उलटं सुरू होतं. तसंच, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा लूपही चालतो. ‘ईके’ या कंपनीने २०१७ मध्ये असा संच आणला होता आणि त्यात तांब्याचे भाग मिसळू नयेत अशी ताकीद दिली होती. धातू वाईट नसतो, जोडी वाईट असते.

निकेलचा मुलामा म्हणजे पितळेच्या भांड्याला केलेली कल्हई. ती अखंड आहे तोवर आतलं तांबं पाण्याला दिसत नाही. एक ओरखडा पडला, एखादी जागा पातळ राहिली, की आंबट पदार्थ जसा तिथून कळकतो तसं पाणी तिथून आत शिरतं आणि थर कडेने उचलत जातं. निकेल सुटलेल्या जागी खालचं तांबूस तांबं दिसतं आणि लोक त्याला लोखंडाचा गंज समजतात. नीट जुळवलेल्या लूपमध्ये पाण्याला लागणारं लोखंड नसतं, त्यामुळे तांबूस डाग दिसला की आधी मुलाम्याकडे बघावं. चांदीची छोटी गुंडाळी पाण्यात टाकून जंतू मारायची पद्धत एके काळी फार लोकप्रिय होती. चांदी आणि निकेल एकत्र असलेल्या लूपबद्दल २०१० नंतर बराच वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे: लूपमध्ये निकेल असेल तर चांदी टाकू नये. इतकी चांगली तयार कूलंट मिळत असताना हा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही.

आता सजीवांकडे. शेवाळाला प्रकाश लागतो. ही एक गोष्ट पक्की धरली तर निम्मे गैरसमज तिथेच गळतात. काळ्या रबरी नळ्या, अपारदर्शक टाकी, बंद पेटी असलेल्या संगणकात हिरवं काही सापडलं, तर ते शेवाळ असण्याची शक्यता जवळपास नाही. उलट खिडकीशेजारी ठेवलेला, पारदर्शक नळ्यांचा आणि आत दिवस-रात्र दिवे लावलेला संगणक शेवाळाला आवडावा असाच असतो. कोमट पाणी, प्रकाश, धुळीबरोबर आलेले बीजाणू आणि थोडे क्षार, इतकं त्याला पुरतं. जिवाणू आणि बुरशी यांना मात्र प्रकाश लागत नाही. ते अंधारातही चिकट, फिकट, कधी करड्या रंगाचा थर धरतात, आणि त्याला साचलेल्या पाण्याचा वास येतो.

अनेक तयार कूलंटमध्ये असणाऱ्या ग्लायकॉलबद्दल एक सूचना इथेच देतो, कारण ही चूक फार जण करतात. ग्लायकॉल २५ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त असेल तर जिवाणूंची वाढ रोखली जाते. पण तेच कूलंट ‘पुरवून पुरवून’ वापरण्यासाठी पाण्याने फार पातळ केलं, तर ग्लायकॉल जिवाणूंचं खाद्य बनतं आणि त्यातलं गंजरोधकही अपुरं पडतं. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण काटकसरीसाठी बदलू नये.

खरं तर पांढरट किंवा हिरवट गाळाचा सर्वांत नेहमीचा दोषी गंजही नसतो आणि शेवाळही नसतं. तो असतो प्लास्टिसायझर. पीव्हीसी हे मुळात कडक प्लॅस्टिक आहे. नळी वाकावी म्हणून त्यात मऊपणा देणारं द्रव्य मिसळतात, बहुधा थॅलेट गटातलं. कोमट पाणी सतत वाहत राहिलं की हे द्रव्य हळूहळू नळीबाहेर येतं, नळीच्या आतल्या भिंतीवर दुधट थर धरतं आणि गोळे होऊन ब्लॉकच्या फिनांत अडकतं. कूलंटमध्ये रंग असेल तर हा मेणचट गाळ तो रंग शोषून घेतो: हिरव्या कूलंटमध्ये तो हिरवा, लाल कूलंटमध्ये लाल. शेवाळ म्हणून ज्याला शिव्या बसतात ते बहुतेक वेळा हेच असतं. यावर जंतुनाशकाचा काहीही परिणाम होत नाही. उपाय एकच, नळी बदलणं. ईपीडीएम रबराच्या काळ्या नळ्यांत हा त्रास जवळपास होत नाही, आणि प्रकाशही आत जात नाही. सौंदर्याची हौस थोडी बाजूला ठेवायची तयारी असेल तर त्यांच्याइतकी निर्धोक नळी दुसरी नाही.

उरलेली कारणं दोन. नव्या रेडिएटरमध्ये डाग देताना वापरलेल्या फ्लक्सचे अवशेष राहतात. रेडिएटर आधी गरम ऊर्ध्वपातित पाण्याने धुतला नसेल तर ते पहिल्या काही आठवड्यांत पाण्यात येतात आणि गंजाला निमंत्रण देतात. आणि दुधासारखे अपारदर्शक किंवा चमचमणारे शोभेचे कूलंट, ज्यांत घन कण तरंगत असतात. ते कण कधीतरी खाली बसणारच. छायाचित्रापुरते ते ठीक, रोजच्या यंत्रासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही.

निदानाची सुरुवात आकड्यांनी करावी, कारण त्यासाठी काही उघडावं लागत नाही. ‘प्रोसेसर ८० अंशांवर गेला’ हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. मे महिन्यात विदर्भात खोलीच ३८ अंशांवर असेल, तर जानेवारीतल्या नाशिकच्या आकड्याशी त्याची तुलना कशी करणार? म्हणून फरक मोजावेत. पाण्याचं तापमान उणे खोलीचं तापमान हा पहिला फरक, आणि प्रोसेसरचं तापमान उणे पाण्याचं तापमान हा दुसरा. दोन्ही मोजताना संगणकावर एकच ठरावीक काम अर्धा-पाऊण तास चालवावं, म्हणजे पाणी स्थिरावतं.

पहिला फरक वाढला असेल तर उष्णता पाण्यातून हवेत जात नाही आहे: रेडिएटरवर धूळ, थकलेले पंखे, किंवा मंदावलेला प्रवाह. बहुतेक वेळा धूळच असते, आणि ती पाण्याबाहेर आहे. पहिला फरक तसाच राहून दुसरा वाढला असेल तर अडचण प्रोसेसर आणि पाणी यांच्या दरम्यान आहे: वाळलेली थर्मल पेस्ट, नाहीतर फिनांत अडकलेला गाळ. पेस्ट बदलणं सोपं, म्हणून ती आधी बदलून बघावी. तरीही फरक तितकाच राहिला तर ब्लॉक उघडण्याला पर्याय नाही. प्रवाहमापक बसवलेला असेल तर आणखी सोपं. पंपाची गती तीच असताना प्रवाह महिन्यागणिक कमी होत असेल तर लूप कुठेतरी आवळत चालला आहे. यासाठी नव्या लूपचे आकडे पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवलेले हवेत.

मग पाणी पाहावं. टाकीतलं थोडं पाणी स्वच्छ काचेच्या पेल्यात काढून पांढऱ्या कागदासमोर धरा आणि रात्रभर स्थिर ठेवा. पाणीच रंगीत झालं आहे की पाणी स्वच्छ आणि तळाशी साका आहे, हे सकाळी कळतं. बिनरंगी पाण्याचा लूप असेल आणि साका बसल्यावरही वरचं पाणी निळसर-हिरवं आणि नितळ असेल, तर तांबं विरघळलेलं आहे. साधं ऊर्ध्वपातित पाणीच भरलेलं असेल तर आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे असतो तो टीडीएस मीटर इथे फार कामाचा. ताज्या ऊर्ध्वपातित पाण्यात तो शून्याच्या जवळ दाखवतो. काही महिन्यांनी आकडा चढला असेल तर तेवढे क्षार लूपच्या भागांतूनच आलेले आहेत. तयार कूलंटमध्ये मुळातच क्षार असतात, तिथे या आकड्याला अर्थ नाही. पीएचच्या पट्ट्याही निव्वळ पाण्यात भरवशाच्या नाहीत. शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून साधारण ५.६ पर्यंत आपोआप उतरतं, आणि त्यात गंजाचा काही संबंध नसतो. तयार कूलंटसाठी मात्र नव्या बाटलीचा आणि लूपमधल्या पाण्याचा पीएच ताडून पाहणं उपयोगी आहे.

खरी कसोटी गाळाची. लूप रिकामा करून ब्लॉक उघडा, लाकडी काडीने गाळाचा कण उचला आणि बोटांत चोळा. हातमोजे घातलेले असू द्या. मेणासारखा, पाण्याने न निघणारा म्हणजे बहुधा प्लास्टिसायझर. बुळबुळीत, ताणला जाणारा म्हणजे जिवाणूंचा थर किंवा शेवाळ. कोरडा झाल्यावर भुकटी होणारा म्हणजे धातूचा क्षार, नाहीतर शोभेच्या कूलंटमधले कण.

शंका उरली तर तीन छोट्या बश्या घ्या. पहिल्या बशीत गाळावर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका. तांब्याचा हिरवा कार्बोनेट असेल तर बारीक बुडबुडे येतील आणि द्रव निळसर-हिरवा होईल. त्या द्रवात अमोनियाचं द्रावण थेंबाथेंबाने जास्त घातलं की तांबं असल्यास गडद निळा रंग चमकून उठतो. तांबं ओळखण्याची ही प्रयोगशाळेतली जुनी खूण आहे. निकेलही अमोनियाबरोबर फिका जांभळट निळा रंग देतं, पण दोन रंगांत फरक कळतो. दुसऱ्या बशीत आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला. प्लास्टिसायझर त्यात विरघळतो, जिवाणूंचा थर आणि क्षार विरघळत नाहीत. तिसऱ्या बशीत गाळ स्पिरिटमध्ये थोडा वेळ भिजवा आणि काळोखात त्यावर नोटा तपासायची अतिनील टॉर्च मारा. द्रव हिरवट झाला आणि टॉर्चखाली लालसर चमकला तर ते हरितद्रव्य आहे, म्हणजे शेवाळच. काही रंगीत कूलंटसुद्धा अतिनील प्रकाशात चमकतात, पण ती चमक बहुधा कूलंटच्याच रंगाची असते. शक्य असेल तर नव्या कूलंटचा एक थेंब शेजारी ठेवून दोन्ही ताडून पाहावेत.

अल्कोहोल आणि स्पिरिट फक्त बशीत. अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला किंवा ब्लॉकच्या झाकणाला ते लागलं की त्यात केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि पुढे तिथूनच पाणी झिरपतं.

सगळंच हिरवं-काळं चिंतेचं नसतं. उघडं तांबं महिन्याभरात गडद तपकिरी होतं. तो ऑक्साइडचा थर आहे आणि त्याने काही बिघडत नाही. त्याला घासून पुसून लखलखीत करण्यात वेळ घालवू नये. पितळी फिटिंगवर गुलाबीसर, भुसभुशीत ठिपके दिसले तर मात्र लक्ष द्यावं. पितळेतलं जस्त पाण्यात निघून गेलं आणि मागे सच्छिद्र तांबं उरलं, असा त्याचा अर्थ. ते फिटिंग बदलावं. आणि धातूच ओळखायचा असेल तर चुंबकाचा उपयोग नाही, कारण तांबं, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम यांतलं काहीच त्याला चिकटत नाही. न दिसणाऱ्या बाजूला कानस हलकेच फिरवली की खरा रंग दिसतो, आणि हातात घेतल्यावर वजनही सांगतं: तांब्याची घनता अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त आहे.

कधी कधी दोषी या सगळ्यांच्या बाहेरचाच निघतो. २०२२ मध्ये ‘आर्क्टिक’ या कंपनीने आपल्या ‘लिक्विड फ्रीझर २’ या बंद कूलरबद्दल स्वतःहून सांगितलं की तळाच्या रबरी गॅस्केटमध्ये जास्तीचं गंधक उरलं होतं, ते तांब्याच्या तळाशी संयोग पावत होतं आणि त्यातून कालांतराने गळतीचा धोका होता. कंपनीने ग्राहकांना दुरुस्तीचे संच मोफत पाठवले. दोन धातूंची जोडी नाही, शेवाळ नाही; गंज आला तो रबरातून. एका कंपनीने आपली चूक इतक्या तपशिलाने लोकांपुढे मांडावी ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, कारण अशा माहितीतूनच पुढचं निदान सोपं होतं.

निदान झालं की उपाय लांबलचक नसतात. तांब्याचे क्षार आढळले तर पाणी पूर्ण काढा, अ‍ॅल्युमिनियमचा भाग शोधून बदला, उघडं तांबं पातळ व्हिनेगरने आणि मऊ ब्रशने धुवा, ऊर्ध्वपातित पाण्याने दोन-तीनदा खळबळवा आणि गंजरोधक असलेलं कूलंट भरा. निकेलच्या भागाला आम्ल अजिबात लावू नका; कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. शेवाळ असेल तर सगळे भाग सुटे करून धुवा, नुसतं औषध टाकून मेलेलं शेवाळ आत ठेवू नका, ते फिनांतच बसेल. मोरचूद-आधारित औषधं केवळ उघड्या तांब्याच्या लूपमध्येच वापरावीत. द्राक्षबागांमध्ये बोर्डो मिश्रणातून बुरशी मारणारा मोरचूद हाच. तो प्रभावी आहे यात शंका नाही, पण निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम यांना तो खिळ्याच्या प्रयोगातल्यासारखाच भिडतो. ब्लीच वापरायची वेळ आली तर ते व्हिनेगर किंवा अमोनिया यांच्याजवळही आणू नका. त्यातून निघणारे वायू विषारी असतात.

ही सगळी काळजी घरगुती संगणकापुरती राहिलेली नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक द्रवाने थंड केला जातो. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरमध्ये एकेका कपाटातली उष्णता इतकी वाढली आहे की पंख्यांनी भागत नाही, आणि चिपांवरून थेट द्रव फिरवला जातो. त्यासाठी सर्वांत रुळलेलं मिश्रण म्हणजे २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि त्यात गंजरोधक. तिथे पाण्याचे नमुने ठरावीक काळाने प्रयोगशाळेत जातात, विरघळलेलं तांबं आणि जिवाणूंची वाढ दोन्ही मोजली जाते. घरच्या लूपचं पाणी वर्षातून एकदा पेल्यात काढून पाहणं हे त्याच कामाचं छोटं रूप आहे.

आणि शेवटी एक विनंती, लूपमधून काढलेल्या पाण्याबद्दल. काही कूलंटमध्ये, विशेषतः मोटारीच्या, इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर असतं आणि थोडंसं चाटलं तरी कुत्र्या-मांजरांचा जीव जाऊ शकतो. तांब्याची औषधं माशांना मारतात. हे पाणी मोरीत, उघड्या गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरा, त्यावर ‘विषारी’ असं ठळक लिहा, लहान मुलांच्या आणि प्राण्यांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि घरगुती घातक कचरा गोळा करणाऱ्यांकडेच सोपवा.